एन्झो पडद्यावर येईपर्यंत

'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' हा चित्रपट 9 ऑगस्ट 2019 रोजी अमेरिकेत लागला, तेव्हा मूळ कादंबरी येऊन अकरा वर्षं झाली होती आणि चित्रपटाचे हक्क पहिल्यांदा विकले गेल्याला दहा. गोष्ट ऐकायला साधी आहे. सिॲटलमध्ये राहणारा डेनी स्विफ्ट हा होतकरू रेसिंग ड्रायव्हर. त्याची बायको ईव्ह मेंदूच्या कर्करोगाने जाते आणि लेकीच्या, झोईच्या, ताब्यासाठी सासू-सासरे त्याला कोर्टात खेचतात. हे सगळं आपल्याला सांगतो तो त्यांचा कुत्रा, एन्झो. म्हातारपणी, मरणाच्या दारात असताना, तो मागचं आयुष्य आठवतो आहे. इतक्या साध्या गोष्टीला पडद्यावर यायला दहा वर्षं का लागली? माझ्या मते याचं कारण या निवेदकातच आहे. कुत्र्याचा आवाज ही या गोष्टीची अडचण आहे असं प्रत्येक टप्प्यावर कुणाला ना कुणाला वाटत राहिलं, आणि गोष्ट जगली ती त्याच आवाजामुळे.

लेखक गार्थ स्टाइन मूळचा माहितीपट बनवणारा माणूस. त्या कामामुळेच 1990च्या दशकाच्या अखेरीस 'स्टेट ऑफ डॉग्ज' हा माहितीपट त्याच्या पाहण्यात आला. बेल्जियम आणि मंगोलियातल्या दिग्दर्शकांनी मिळून केलेली ही फिल्म उलानबातरच्या रस्त्यांवरच्या भटक्या कुत्र्यांबद्दल आहे. त्यातला एक कुत्रा गोळी लागून मरतो आणि त्याचा आत्मा आपल्या आयुष्यावरून मागे नजर फिरवतो. कुत्रा मेल्यावर पुढचा जन्म माणसाचा मिळतो, अशी मंगोलियातली एक समजूत या फिल्मच्या मुळाशी आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींचं बोलणं लहानपणापासून कानावर पडलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. सिॲटलच्या लेखकाला मात्र ही कल्पना सोडेना. 2004 मध्ये त्याने कवी बिली कॉलिन्स यांचं काव्यवाचन ऐकलं. त्यातली एक कविता नुकतंच इंजेक्शन देऊन झोपवलेल्या कुत्र्याच्या तोंडची होती, मालकाला खरंखोटं सुनावणारी. बोलायचं कुणी, हे त्या संध्याकाळी ठरलं.

रेसिंग कुठून आलं, हे कळल्याशिवाय पुस्तक नीट कळत नाही. स्टाइन स्वतः शर्यतीत उतरत असे. वर्ग होता स्पेक मियाटा. माझदाच्या छोट्या दोन सीटच्या गाड्या, नियमाने जवळजवळ एकसारख्या ठेवलेल्या. गाडीच्या ताकदीवर पुढे जायची सोय नाही, जे काही करायचं ते ड्रायव्हरने करायचं. सिॲटलच्या पट्ट्यात वर्षातला बराच काळ पाऊस असतो, त्यामुळे ओल्या ट्रॅकवर गाडी चालवणं टाळता येत नाही. स्टाइनने विभागीय विजेतेपदही मिळवलं आणि पावसातल्याच एका मोठ्या अपघातानंतर रेसिंग सोडून दिलं. पुस्तकाचं नाव असं आयुष्यातून आलं आहे.

ओल्या ट्रॅकवर नेमकं काय बदलतं? कोरड्यात गुळगुळीत टायर रस्त्याला चिकटून बसतात, पावसात पाणी बाहेर फेकायला खाचा असलेले टायर लागतात. कोरड्या दिवसाची सर्वांत वेगवान वाट, जिच्यावर टायरचं रबर घासून घासून बसलेलं असतं, तीच ओल्यात सर्वांत निसरडी होते. म्हणून जाणता ड्रायव्हर वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, कमी वापरातला खरबरीत डांबर शोधतो. ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग यांतलं काहीही झटक्याने केलं की गाडी हातची गेली. डेनीचं म्हणणं असं, की गाडी घसरणारच आहे तर ती आपण होऊन घसरवावी. मग ती घसरते तेव्हा आपण गोंधळलेले नसतो, तयार असतो. बायकोचं आजारपण, वकिलांची बिलं, लेकीची ताटातूट, या सगळ्यात एन्झो हेच सूत्र धरून मालकाकडे बघत राहतो. मला हा या पुस्तकाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण तो ट्रॅकवर शिकलेल्या माणसाने लिहिला आहे.

या विद्येतला गुरू म्हणजे आयर्टन सेना. कुत्रा आणि मालक दोघंही त्याचे भक्त. लहानपणी कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या, ओल्या शर्यतीत मागे पडल्यावर पाऊस आला की मुद्दाम सरावाला बाहेर पडणारा हा ब्राझीलचा मुलगा. 1985 मध्ये पोर्तुगालमधल्या एस्टोरिलच्या मुसळधार पावसात त्याने फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत जिंकली. 11 एप्रिल 1993 रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर तो सुरुवातीलाच पाचव्या क्रमांकावर घसरला आणि शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट या चौघांना मागे टाकून पहिली फेरी संपायच्या आत सर्वांच्या पुढे होता. पुढच्या वर्षी, 1 मे 1994 रोजी, इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. एन्झो हे नाव मात्र फेरारी कंपनीच्या संस्थापकाचं, एन्झो फेरारी यांचं.

हस्तलिखित तयार झालं तेव्हा स्टाइनच्या तेव्हाच्या एजंटने ते प्रकाशकांना विकायला नकार दिला. कुत्र्याने सांगितलेली कादंबरी कोण घेणार, हा त्याचा मुद्दा. स्टाइनने एजंट बदलला. 2008 मध्ये हार्पर या प्रकाशनसंस्थेकडून पुस्तक आलं, स्टारबक्सने ते आपल्या कॉफीच्या दुकानांतून विकायला निवडलं, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ते सुमारे तीन वर्षं टिकलं. मुलांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. 2012 मध्ये सिॲटलच्याच बुक-इट या नाट्यसंस्थेने त्याचं नाटक केलं. तिथे एन्झोचं काम एका नटाने केलं. म्हणजे पडद्याच्या सात वर्षं आधी रंगभूमीने कुत्र्याच्या आवाजाचा हा प्रश्न सोडवला होता.

चित्रपटाचे हक्क युनिव्हर्सल या स्टुडिओने 2009 मध्येच घेतले होते, पॅट्रिक डेम्पसीसाठी. 'ग्रेज ॲनाटॉमी'मधला डॉक्टर म्हणून जगाला माहीत असलेला हा नट खराखुरा रेसर आहे. नटांनी शर्यतीत उतरण्याची परंपरा अमेरिकेत जुनी. स्टीव्ह मॅकक्वीन 1970 मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत दुसरा आला. पॉल न्यूमन 1979 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरा आला. डेम्पसीचा संघ 2015 मध्ये ल मांला आपल्या वर्गात दुसरा आला. डेनीच्या भूमिकेसाठी याहून योग्य माणूस सापडणं कठीण होतं. पण दिग्दर्शक जमेना, वर्षं गेली. 2016 मध्ये प्रकल्प डिस्नेकडे गेला, तिथून फॉक्स 2000 या फॉक्सच्या शाखेकडे. तोवर डेम्पसी पन्नाशी ओलांडून गेला होता. डेनीची भूमिका मायलो व्हेंटिमिलियाकडे गेली, ईव्हची अमांडा सायफ्रेडकडे. डेम्पसी निर्माता म्हणून शेवटपर्यंत टिकून राहिला, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं.

दिग्दर्शन सायमन कर्टिस यांचं, पटकथा मार्क बोमबॅक यांची. चित्रीकरण 2018 मध्ये, मुख्यतः सिॲटलच्या उत्तरेला, सीमेपलीकडच्या व्हँकुव्हरमध्ये झालं. एन्झोचं तोंड संगणकाने हलवायचं नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कुत्रा कुत्र्यासारखाच वागतो आणि केव्हिन कॉस्टनरचा जाडाभरडा, थकलेला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो. कादंबरीतला एन्झो संकरित जातीचा, पडद्यावरचा गोल्डन रिट्रीव्हर. इथे थोडी हळहळ वाटते, कारण मूळ एन्झोचा खडबडीतपणा त्या सोनेरी केसांत हरवतो.

मोठा बदल कोर्टाच्या कथेत आहे. कादंबरीत डेनीवर एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप येतो. या प्रसंगावरून पुस्तक आधीही अडचणीत आलं होतं. 2014 मध्ये टेक्सासमधल्या हायलँड पार्कच्या शाळांनी पालकांच्या आक्षेपांनंतर सात पुस्तकं अभ्यासातून तात्पुरती बाजूला काढली, त्यात हे एक होतं. विरोध झाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला. सगळ्या कुटुंबाने बसून पाहावा असा चित्रपट करायचं ठरल्यामुळे तो आरोप काढून टाकला आणि त्या जागी सासऱ्याशी झालेली धक्काबुक्की आणली. कथा पाहायला सोपी झाली, पण डेनी किती खोल खड्ड्यात आहे हे समजेनासं झालं. निरपराध माणसाचं सगळं पणाला लागलेलं असताना तो स्टिअरिंग घट्ट न आवळता हलक्या हाताने धरतो, यातच पावसातल्या गाडीची विद्या होती.

मार्च 2019 मध्ये डिस्नेने फॉक्स विकत घेतलं आणि फॉक्स 2000 बंद करायचं ठरवलं. त्यामुळे एकदा डिस्नेच्या हातून निसटलेला हा चित्रपट फिरून त्यांच्याच छत्राखाली प्रदर्शित झाला. सुमारे 1.8 कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे 3.38 कोटी डॉलर मिळवले. समीक्षकांची मतं विभागलेली राहिली. कुत्र्याच्या तत्त्वज्ञानाला काहींनी नाकं मुरडली, आणि पुस्तक निघण्याआधी हस्तलिखित नाकारणाऱ्या एजंटचा आक्षेपही नेमका तोच होता.