पार्श्वभूमी : लिंगभाव, संगणक आणि गोव्यातली पीएच.डी.

१९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या अहवालाने देशात स्त्री-अभ्यासाला गती दिली आणि १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने त्याला विद्यापीठांत जागा मिळवून दिली. गोव्याचे विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. त्याआधी पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजीतल्या केंद्रात चाले. पुढे ‘स्त्री-अभ्यास’ची जागा हळूहळू ‘लिंगभाव’ (जेंडर) घेऊ लागला, आणि डिजिटल मानव्यविद्या, म्हणजे इतिहास-साहित्याचा संगणकाच्या मदतीने अभ्यास, त्याहूनही उशिरा आली.

गोव्यातले जुने कागद संगणकावर आणून असा अभ्यास करणाऱ्यापुढे खरा पेच शब्दांचा आहे. जुन्या पोर्तुगीज हुकुमांत देवळांतल्या नर्तकींना ‘बायलादेइरा’ म्हटले आहे. म्हणजे नुसती नाचणारी. आपल्याकडे मात्र कलावंत वेगळी आणि भाविण वेगळी. एकीकडे गाणे-नाचणे, दुसरीकडे झाडलोट, दिवाबत्ती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या वारसांनी ही नावे मागे टाकून सगळ्यांसाठी एकच नवे नाव घेतले. आता कागद स्कॅन करून सूची बनवणाऱ्या संशोधकाने या स्त्रियांना कोणत्या नावाखाली घालावे? ‘देवदासी’ म्हटले की शोध सोपा होतो, पण कलावंत आणि भाविणीतला फरक पुसला जातो. ‘बायलादेइरा’ ठेवले तर राज्यकर्त्यांची नजर तशीच पुढे चालते. काही अभ्यासक एकच सोयीचा शब्द पुरेसा मानतात. मला ते पटत नाही. मूळ शब्द, त्याची लिपी आणि कागदाचे साल वेगळे नोंदवावे, आजचे नाव त्याच्या शेजारी द्यावे. कष्ट वाढतात, पण ती बाई कागदावर जशी आली तशी दिसते, आणि तिच्या घरच्यांनी निवडलेले नावही राहते.

लिपीचा प्रश्न यालाच चिकटलेला आहे. एकच नाव रोमी (रोमन) लिपीत एका तऱ्हेने, मोडीत दुसऱ्या, देवनागरीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. ती एकच बाई आहे हे वाचता येणाऱ्यालाच कळते.

हे सगळे शिकायला वेळ लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.ला अभ्यासक्रम सक्तीचा केला, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले. स्त्री संशोधकांना मुदतीत दोन वर्षांची जादा सूट आहे, ही चांगली गोष्ट. पण अभ्यासक्रमाची किमान अट १२ क्रेडिटांची, आणि त्यातच संशोधनपद्धती नि प्रकाशन-नैतिकता. पोर्तुगीज हस्ताक्षर आणि मोडी शिकायला उरतात त्या सुट्टीतल्या संध्याकाळी.