रेग्युलेटर आणि टर्बोएक्स्पांडर: दाब दोघेही उतरवतात, हिशेब मात्र वेगळा

नैसर्गिक वायूच्या दाब उतरवणाऱ्या स्टेशनात रेग्युलेटर (दाब उतरवणारा व्हॉल्व्ह) काढून टर्बाइन, म्हणजेच टर्बोएक्स्पांडर, बसवलं की वीज फुकट मिळते, असं सर्रास सांगितलं जातं. वीज मिळते हे खरं. फुकट मिळत नाही.

रेग्युलेटरमध्ये वायू अरुंद वाटेतून घुसतो आणि दाब पडतो. तो कुठलंच यंत्र फिरवत नाही, त्यामुळे त्याची एन्थॅल्पी, म्हणजे वायूसोबत वाहणारी एकूण ऊर्जा, जवळपास तेवढीच राहते. तरीही तो गार होतो, ढोबळमानाने दाब दर बारने (बार हे दाबाचं माप) उतरताना 0.4 ते 0.5 अंश सेल्सियस. हा जूल-थॉमसन परिणाम. टर्बोएक्स्पांडरमध्ये तोच वायू चाक फिरवतो, म्हणजे स्वतःजवळची ऊर्जा देऊन टाकतो, आणि दर बारला दीड-दोन अंशांनी गार होतो. सगळा गोंधळ या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतो.

आकडे घालून पाहू. युरोपातला हिवाळा, ताशी 10,000 घनमीटर वायू, दाब 50 बारवरून 20 बारवर, वायू येतो 10 अंशांवर आणि बाहेर पडताना तो 5 अंशांच्या खाली जायला नको. रेग्युलेटरला आधी सुमारे 40 किलोवॅट उष्णता पुरते. टर्बाइनला वायू साठ अंशांच्या आसपास तापवून द्यावा लागतो, त्यासाठी सुमारे 230 किलोवॅट लागतात. वीज मिळते साधारण 180 किलोवॅट. म्हणजे जादा घातलेली उष्णताच जवळजवळ सगळी वीज होऊन परत आली! उच्च दाब ही त्या रूपांतराची संधी आहे, इंधन नव्हे. रेग्युलेटर ऊर्जा नाही, ही संधी वाया घालवतो.

म्हणून खरा प्रश्न उष्णता कुठून आणायची हा. बॉयलरमध्ये वायूच जाळला तरी रूपांतर चांगलं होतं, पण इंधन लागतंच. शेजारच्या कारखान्याची वाया जाणारी उष्णता मिळाली तर मात्र सौदा खरोखर फायद्याचा. टोरांटोत 2008 साली सुरू झालेल्या 2.2 मेगावॅटच्या प्रकल्पात फ्युएल सेलची (वायू न जाळता रासायनिक क्रियेने वीज देणाऱ्या संचाची) उष्णता वायू तापवायला वापरली गेली.

आपल्याकडे वायू मुळातच 25 अंशांच्या आसपास येत असेल, तर 30 बार उतरवूनही तो दहा-बारा अंशांवर राहतो. पाइपवर दवाचे थेंब साचतात, एवढंच. तिथे हीटरशिवाय भागतं. टर्बाइन बसवलं की हीटर नव्याने आणावा लागतो. रेग्युलेटरमध्ये गोठण्याचा धोका आधी पायलटला, म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकाला, असतो: मुख्य व्हॉल्व्हची बॉडी ठीक दिसते, पण पायलटच्या बारीक छिद्रात ओलाव्यामुळे हायड्रेट (पाणी आणि वायूचा बर्फासारखा घट्ट थर) धरतं आणि बाहेरचा दाब डगमगू लागतो. अशा वेळी सगळा वायू तापवण्यापेक्षा फक्त पायलटचा पुरवठा तापवा. आणि जिथे हीटर आहेच, तिथे टर्बाइनची स्वप्नं पाहण्याआधी त्याचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) तपासा. बाहेरचा वायू 15 अंशांवर ठेवला जात असेल आणि 5 अंश चालणार असतील, तर तेवढं इंधन रोज उगाच जळतंय.

टर्बाइनचा आकार कमाल मागणीवर ठरवू नये. रात्री, उन्हाळ्यात प्रवाह घसरला की त्याची कार्यक्षमताही घसरते. वर्षातले बहुतेक तास टिकणारा प्रवाह धरा, वरचा भार रेग्युलेटरवर सोडा. रेग्युलेटरची समांतर लाइन काढता येतच नाही. तिचा दाबाचा सेटपॉइंट किंचित खाली ठेवतात, म्हणजे टर्बाइन थांबलं की ती आपोआप उघडते.

इथे एक चूक महागात पडते. जनरेटरचा भार अचानक सुटला की चाक अतिवेग घेऊ नये म्हणून शटऑफ व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो आणि साठ अंशांचा वायू रेग्युलेटरकडे वळतो. तिथे तो दहा-बारा अंशच गार होतो, म्हणजे पुढच्या पाइपात जवळपास पन्नास अंशांचा वायू जातो. पुढे पॉलिथिलीनची लाइन असेल तर हे तिला झेपणारं नाही. ट्रिपचा (टर्बाइन तातडीने बंद करण्याचा) सिग्नल व्हॉल्व्हला जातो तसाच त्याच क्षणी हीटरचं गरम पाणी दुसऱ्या वाटेने वळवणाऱ्या बायपासलाही गेला पाहिजे. शिवाय एक्स्चेंजरमध्ये (जिथे गरम पाणी वायूला उष्णता देतं) साठलेली उष्णता लगेच जात नाही, म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचा ट्रिप वेगळा हवाच.