कर माझा, फायदा कुणाचा?

अर्थशास्त्रातला एक हिशेब इतका सरळ आहे की तो चुकतो कसा, याचेच नवल वाटावे. कोणत्याही देशात मूठभर श्रीमंतांमुळे सरासरी उत्पन्न वर खेचले जाते. त्यामुळे गरिबातल्या गरिबापासून धनाढ्यापर्यंत सगळ्यांना ओळीने उभे केले, तर बरोबर मधल्या माणसाची कमाई त्या सरासरीच्या खाली भरते. आता प्रत्येकाकडून उत्पन्नाच्या ठरावीक टक्के कर घ्या आणि जमलेली रक्कम सगळ्यांना सारखी वाटा. मधल्या माणसाला भरल्यापेक्षा जास्त परत मिळेल, त्याच्याहून गरीब असलेल्यांना तर आणखीच. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदार फायद्यात. मग जिथे विषमता जास्त, तिथे फेरवाटपाची मागणीही जास्त असायला हवी. ॲलन मेल्टझर आणि स्कॉट रिचर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली हे गणिती रूपात मांडले.

अमेरिकेने मात्र हे गणित कधी फारसे मनावर घेतले नाही. तिथे पश्चिम युरोपपेक्षा विषमता जास्त आणि गरिबांवरचा सरकारी खर्च कमी. १९८० नंतर दरी आणखी रुंदावली, तरी श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्या म्हणणाऱ्यांचे प्रमाण काही तिच्याबरोबर वाढले नाही.

गणितातला माणूस फक्त स्वतःचा खिसा चाचपतो. खऱ्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो: हा पैसा जाणार कुणाच्या घरी?

हा प्रश्न किती खोलवर रुजलेला आहे, ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवले. ताजफेल मूळचा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून वाचला. परतला तेव्हा घरचे जवळजवळ कुणीच उरले नव्हते. माणसे ‘आपली’ आणि ‘परकी’ कशी होतात, हा त्याच्यासाठी केवळ पुस्तकी विषय नव्हता. १९७०च्या सुमारास त्याने १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या ठिपक्यांची संख्या अंदाजाने सांगायला लावली. मग ‘तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटातला, तू कमी अंदाज करणाऱ्यांच्या’ असे सांगून त्यांचे दोन गट पाडले. खरे तर वाटणी मनमानीच होती. दुसऱ्या प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो, या निमित्ताने गट पाडले. मुलांना एकमेकांची नावे कळली नाहीत, फक्त क्रमांक आणि गट कळला. आता त्यांनी इतरांना गुण वाटायचे होते. गुणांचे नंतर थोडे पैसे मिळणार होते. स्वतःला मात्र काही देता येत नव्हते.

एका तक्त्याच्या एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला ७ आणि दुसऱ्या गटातल्याला १ गुण, तर दुसऱ्या टोकाला आपल्याला १९ आणि त्यांना २५ असे पर्याय होते. आपल्या गटाचे भले हवे असेल तर १९चे टोक निवडावे. मुले तिकडे जायला कचरत होती. आपल्या मुलाचे काही गुण बुडाले तरी चालतील, पण समोरचा आपल्यापुढे जाता कामा नये! ज्या गटाला ना इतिहास, ना जुने वैर, ज्याचा जन्मच तासाभरापूर्वीचा, त्याच्यासाठी हे चालले होते. खऱ्याखुऱ्या वंशाचा, भाषेचा, जातीचा गट असेल तर काय होत असेल?

अमेरिकेत त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. एर्झो लुटमर या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली तिथल्या मोठ्या जनमत-पाहणीची माहिती तपासली. आपल्या परिसरात सरकारी मदत घेणाऱ्यांमध्ये आपल्याच वंशाचे लोक जास्त असतील, तर माणूस त्या मदतीच्या बाजूने जास्त झुकतो, असे त्याला आढळले. अल्बर्टो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाने अमेरिका आणि युरोप यांच्या कल्याणकारी खर्चातल्या तफावतीपैकी साधारण निम्मी तफावत अमेरिकेतल्या वांशिक विविधतेशी जोडता येते.

इथे वस्तुस्थितीइतकेच मनातले चित्रही काम करते. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेच्या तीन बड्या वृत्तसाप्ताहिकांनी गरिबीवरच्या लेखांसोबत जी छायाचित्रे छापली, त्यांतल्या गरिबांपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय होते. देशातल्या प्रत्यक्ष गरिबांत त्यांचे प्रमाण होते २९ टक्के. राजकीय शास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी ही मोजदाद केली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९७६च्या प्रचारात खोट्या नावांनी सरकारी मदत लाटणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट रंगवून सांगत. तिचा वर्ण सांगायची त्यांना गरज पडली नाही. ऐकणाऱ्यांनी तो आपणच भरून घेतला. सगळ्यांनाच मिळणारे म्हातारपणचे निवृत्तिवेतन मात्र तिथे कमालीचे लोकप्रिय आहे. तेही सरकारी, त्यातही फेरवाटप आहेच. पण ते घेणारा डोळ्यांसमोर येतो तो आपल्याच आजोबांच्या रूपात.

युरोपात हे नाते इतके सरळ दिसत नाही, अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तरी एक पाहणी लक्षात राहण्यासारखी आहे. अलेसिना, आर्मांदो मियानो आणि स्टेफनी स्टँचेवा यांनी युरोपातले पाच देश आणि अमेरिका मिळून सुमारे २२,५०० लोकांना प्रश्न विचारले. काहींना आधी स्थलांतरितांबद्दलचे प्रश्न आणि मग फेरवाटपाबद्दलचे, बाकीच्यांना उलट क्रमाने. नवी माहिती काहीच दिली नव्हती. पण ज्यांच्या मनात स्थलांतरित आधी येऊन गेले, त्यांचा फेरवाटपाला असलेला पाठिंबा घटला.

मग गरीब माणूस स्वतःला गरिबांच्या गटात का मोजत नाही? मोझेस शायो या अर्थशास्त्रज्ञाने २००९ साली दिलेले उत्तर मला सगळ्यात पटणारे वाटते. माणूस अनेक गटांचा असतो आणि त्यातला ज्याची शान मोठी तो जवळ करतो. ‘मी गरीब’ या ओळखीत मिरवण्यासारखे काय आहे? ‘माझा देश महान’ यात मात्र झोपडीतल्यालाही बंगल्यातल्याइतकाच वाटा, तोही फुकट. शायो यांच्या अभ्यासात अनेक लोकशाही देशांत गरीब लोक श्रीमंतांपेक्षा राष्ट्राशी अधिक एकरूप झालेले आढळले आणि राष्ट्राशी एकरूप झालेल्यांमध्ये फेरवाटपाची मागणी कमी.

यावरून राष्ट्रभावना म्हणजे गरिबांच्या हिताला मारकच, असे मानायचे तर पूर्व आफ्रिका आडवी येते. केनियातला एक आणि टांझानियातला एक, असे बरेचसे सारखे दोन ग्रामीण जिल्हे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड मिगेल यांनी अभ्यासले. केनियात जिथे वेगवेगळ्या जमाती एकत्र राहत, तिथे गावच्या शाळेसाठी वर्गणी कमी जमे. पैसे न देणाऱ्यावर दबाव आणायला तो आपल्या जमातीचा तर हवा! टांझानियात जमाती तितक्याच, पण हा परिणाम दिसला नाही. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी स्वाहिलीला सगळ्यांची भाषा केले, जमातींच्या मुखियांची सत्ता काढून घेतली, शाळेत ‘आपण सगळे एका देशाचे’ हे शिकवले. इथे राष्ट्रभावनेने ‘आपल्या’ माणसांचे वर्तुळच मोठे केले. आपल्याकडे केरळच्या शिक्षण-आरोग्याचे श्रेय प्रेरणा सिंग या अभ्यासक जातींच्या पलीकडच्या मल्याळी अस्मितेला देतात, तेही याच धर्तीवर.

महाराष्ट्रातही या संदर्भात पाहण्याजोगे एक उदाहरण आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ला तिचा कायदा झाला. पैसा उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात १९७५च्या व्यवसाय करातून, म्हणजे मुख्यतः शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून. मुंबईचा पैसा मराठवाड्यातल्या नालाबांधावर, आणि त्यावर बंड झाले नाही. याची दोन कारणे मला दिसतात. तेव्हाच्या गिरणी कामगाराचे आई-बाप, भाऊ गावीच होते. दुष्काळातला मजूर त्याला परका वाटण्याचे कारण नव्हते. आणि दुसरे म्हणजे भर उन्हात खडी फोडायला जो तयार, त्यालाच काम, ही योजनेची रचनाच होती. ‘हे आळशी, फुकटे’ हा अमेरिकेत चाललेला आरोप इथे चिकटायला जागाच नव्हती. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला. व्यवसाय कर मात्र त्यानंतरही पगारातून कापला जात राहिला: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००.