स्टेजचं अर्थिंग (बास गिटारवाल्यांसाठी)

स्टेजचं अर्थिंग म्हणजे लाइव्ह कार्यक्रमात विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंचं, म्हणजे गिटार अँप, मिक्सर, पॉवर अँप, मॉनिटर वगैरेचं, लोखंडी अंग एका हिरव्या वायरनं जमिनीशी जोडून ठेवणं. आत कुठे फेज सुटून बॉडीला लागला तर करंट माणसातून न जाता त्या वायरनं जातो आणि ब्रेकर पडतो, एवढंच तिचं काम. पण साऊंडच्या धंद्यात हीच वायर आवाजातली घूं घूं खाली ठेवते आणि कधी कधी तीच घूं घूं आणतेही, आणि सगळा घोळ इथेच आहे, कारण घूं घालवायला लोक जी वायर तोडतात ती नेमकी जीव वाचवणारी असते.

बडोद्यात हा विषय दोन सीझनला निघतो, गणपती आणि नवरात्र. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मंडळांचं स्टेज रस्त्यावर फळ्या टाकून केलेलं, लाइट शेजारच्या घरातून नाहीतर दुकानातून ओढलेली. नवरात्रीत मोठं मैदान, जनरेटर, आणि आश्विन लागला तरी पाऊस पुरता गेलेला नसतो म्हणून खाली ओल. त्यात देवीसमोर चपला घालून कोण चढणार. बाहेरच्या मॅन्युअलमध्ये रबरी सोलचे बूट घाला असं लिहिलेलं असतं, ते इथे बाद, इथे अनवाणी पाय ओल्या फळीवर आणि हातात स्टीलच्या तारा. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, मौलाबक्ष तिचे प्रमुख होते, आजची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी तिच्यातूनच वाढली, म्हणजे सुराची शिस्त या गावाला जुनी आहे, पण तंबोऱ्याला प्लग नसतो, त्यामुळे वीज हाही वादकाचाच विषय आहे हे अजून कोणाच्या डोक्यात बसलेलं नाही. ते मंडपवाला बघेल, झालं.

तारांपासून जमिनीपर्यंत

बास गिटारच्या तारा ब्रिजवर टेकतात, ब्रिजखालून एक बारीक वायर आत जाते आणि जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) बाहेरच्या भागाला, म्हणजे स्लीव्हला, सोल्डर केलेली असते. तिथून केबलची जाळी, मग अँपची बॉडी, मग तीन पिनी प्लगची वरची जाड आणि लांब पिन, आणि शेवटी जमीन. थोडक्यात बास वाजवणारा कार्यक्रमभर अर्थला हात लावून उभा असतो. (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. ईएमजी कंपनीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या म्हणजे अॅक्टिव्ह पिकअपना तारा अर्थ कराव्या लागत नाहीत, पण बाकी बहुतेक गिटारींत ही वायर असतेच.)

अँपचा अर्थ चांगला असेल तर तारा शून्य व्होल्टला, काही त्रास नाही. पण समोरचा माइक ज्या मिक्सरचा आहे तो दुसऱ्याच लाइनवर, त्याची अर्थ पिन तुटलेली आणि आत लीकेज, असं जुळून आलं तर माइकच्या जाळीवर व्होल्टेज बसतं, ओठ टेकले की करंट तोंडातून शिरून छातीवाटे हाताकडे उतरतो. उलटंही होतं, मिक्सर बरोबर आणि अँप बिघडलेला. म्हणजे गिटारिस्टमधला जो कोरस पण गातो त्याला सगळ्यात जास्त धोका, नुसत्या वाजवणाऱ्याला कमी. ही नोंद लिहिणाऱ्याला एका मंडळाच्या स्टेजवर साऊंड चेकच्या वेळी असाच ओठाला झटका बसला होता, निळी ठिणगी दिसली, आणि साऊंडवाला शांतपणे म्हणाला, 'कंई वांधो नही भाई, माइकवर फोम चढावी दउं छुं.' फोम चढवलाही. फोम कोरडा असेपर्यंत झटका लागत नाही हे खरंच आहे, पण गाताना थुंकी उडते आणि फोम किती वेळ कोरडा राहतो ते गाणाऱ्यालाच माहीत. मागे जाऊन बघितलं तर एक्स्टेन्शनच्या प्लगला वरची पिनच नव्हती, दोन पिनी सॉकेटमध्ये जावा म्हणून पक्कडीनं उडवलेली.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी गावात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. १९६५ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स गिटार माइकच्या स्टँडला लागून बेशुद्ध पडला होता, तो वाचला. १९७६ मध्ये फ्लोरिडात किस बँडच्या एस फ्रेलीला झटका बसल्यावर त्या बँडनं वायरलेस घेतलं. वायरलेसचा लोक स्टेजवर फिरायला मिळतं म्हणून विचार करतात पण ट्रान्समीटर बॅटरीवर असल्यामुळे तारा आणि अँप यांच्यातला धातूचा रस्ताच तुटतो, तो फायदा मोठा आहे.

किती करंट पुरतो

आपली लाइट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. साधारण १ मिलीअँपला झिणझिण्या येतात, १० च्या आसपास स्नायू आखडून मूठ उघडत नाही (आणि बासवाल्याचा डावा हात नेकवर मूठ करूनच असतो), ३० च्या वर काही क्षण राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती. आता बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे नेहमीचा ब्रेकर बघा, तो १६ अँपचा नाहीतर ३२ चा, म्हणजे १६ हजार मिलीअँपला पडणारा. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलीअँपचा, जो फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट मोजतो आणि फरक पडला की सेकंदाच्या बारीक हिश्श्यात लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, कार्यक्रमाआधी ते दाबून बघायचं, पडला तर ठीक. मंडपवाल्यांना तो आवडत नाही कारण पावसात भिजलेल्या रोषणाईच्या माळा लीक होतात, तो सारखा पडतो, मग ते सरळ बायपास मारतात. यावर भांडण्यापेक्षा साऊंडसाठी वेगळा आरसीसीबी मागून घ्यावा, माळांचं माळा बघतील.

अर्थ कुठून येतो हेही बघायला लागतं. नियमाप्रमाणे म्हणजे जमिनीत २.५ मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. मैदानावर असतं काय, तर विटेखाली ठोकलेला खिळा किंवा मंडपाच्या पाइपाला गुंडाळलेली वायर. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रलला आणि अर्थला गाठ मारणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं, अँप चालतो, घूं पण कमी होते, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा कोणी दोन पिनी प्लग उलटा घातला की सगळ्या बॉडी एकदम २३० व्होल्टला. जनरेटर असेल तर त्याच्या सांगाड्याला दोन वेगवेगळ्या अर्थच्या जोडण्या पाहिजेत, तिथे जाऊन डोळ्यांनी बघून यावं, चालक चहाला गेलेला असतो. थ्री फेजचा न्यूट्रल उडाला तर एका फेजवर ४०० च्या जवळपास व्होल्ट चढू शकतात, त्यात माणसाआधी अँप जातात.

निऑनचा टेस्टर फेज दाखवतो, अर्थ चांगला आहे का ते तो सांगू शकत नाही. त्यासाठी चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरं माइकच्या जाळीला लावायचं, टोकांच्या प्लास्टिकलाच धरून, एक हात मागे. शून्याच्या आसपास आलं तर गा. शंभराच्या वर दाखवलं तर कुठेतरी अर्थ नाहीच असं समजून माइकपासून लांब राहायचं. दोन पिनी अडॅप्टरच्या लॅपटॉपच्या बॉडीला ज्या बारीक झिणझिण्या येतात त्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणाऱ्या, तिथे मीटर ११०-११५ दाखवतो पण करंट अगदी थोडा असतो, फरक असा की मीटरला हा आणि खरा फॉल्ट सारखेच दिसतात, म्हणून अंदाज करत बसू नये.

घूं घूं

लाइटची घूं ५० आणि १०० हर्ट्झला असते. बासच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) जी हा सूर ४९ हर्ट्झ, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झ. म्हणजे घूं बरोबर आपल्याच सुरांच्या शेजारी येऊन बसते, जी धरला की सेकंदाला एकदोन हेलकावे ऐकू येतात आणि वाटतं गिटार उतरली. इक्वलायझरनं ती कापायला गेलात तर सूरच कापला जातो. म्हणून कारण शोधायला लागतं.

सगळ्यात नेहमीचं कारण ग्राउंड लूप. अँपचा अर्थ एका बोर्डावर, मिक्सरचा शंभर फुटांवर दुसऱ्या बोर्डावर, दोन्हीत थोडा व्होल्टचा फरक, आणि मध्ये सिग्नलच्या केबलची जाळी दोघांना जोडते, मग त्या जाळीतूनच करंट फिरतो आणि आवाजात उतरतो. इथेच कोणीतरी म्हणतो, अँपची अर्थ पिन काढ, आणि खरंच घूं बंद होते, लोक खूश, पण आता तारांचा अर्थ फक्त त्या पातळ जाळीवर आणि पलीकडच्या मिक्सरवर लटकतोय. बरोबर रस्ता म्हणजे स्टेज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घेणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डीआय बॉक्सवरचं (गिटारचा सिग्नल मिक्सरला नेणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण. ते फक्त सिग्नलच्या केबलची एक नंबरची पिन सोडवतं, लाइटच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून चालतं. ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय यात जास्त भरवशाचा.

घूं नसून चरचर असेल तर ती बहुधा स्टेजच्या दिव्यांच्या डिमरची. तारांना हात लावला की चरचर कमी होते तेव्हा पोरं म्हणतात गिटार खराब, तर तसं नाही, उलट ब्रिजची वायर शाबूत असल्याची ती खूण आहे, कमी आहे ते आतलं शिल्डिंग, पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली की फरक पडतो. हात लावून काहीच बदललं नाही तर वायर तुटली समजा. फेंडर कंपनीच्या जॅझ बासचे दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एकमेकांची घूं खातात, एकच उघडला की परत येते. त्याच कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ चा, पण त्याचा दोन तुकड्यांचा घूं मारणारा पिकअप १९५७ ला आला.

गिटारची निगा

इथेही अर्थचाच रस्ता सांभाळायचा आहे, बाकी कमी. जॅकचं नट ढिलं झालं की वाजवताना जॅक गोल फिरतो आणि आतली सोल्डर तुटते, कधी नेमकी अर्थच्या बाजूची. महिन्यातून एकदा पान्यानं आवळावं, फिरवताना आतून धरून. गरब्यात तीन तास घाम गळतो, तो तारांच्या वेटोळ्यात शिरून मिठासारखा बसतो, म्हणून संपल्यावर कोरड्या सुती फडक्यानं तार वरून आणि खालून पुसायची. बासच्या तारा महाग, मेलेल्या तारा पाण्यात उकळून पुसून परत चढवायची जुनी युक्ती काही दिवस चालते. अॅक्टिव्ह बासमध्ये केबल खुपसलेली राहिली तर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर चालूच राहते.

पावसाळ्यात लाकूड पाणी ओढतं, नेक हलते. पहिली आणि शेवटची पट्टी दाबून मध्ये तार आणि पट्टीत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली तर बरोबर. नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवसात नाही.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात घरांत शिरलं तेव्हा कितीतरी अँप आणि स्पीकर बुडाले. असा अँप वरून सुकला तरी आतल्या गाळात ओल धरून राहते आणि ती वीज वाहते, त्यामुळे चालतो का ते बघायला प्लग लावू नये. उघडून, धुऊन, बरेच दिवस सुकवून, अर्थ ते फेज इन्सुलेशन तपासल्याशिवाय नाही, आणि हे काम दुरुस्तीवाल्याचं, कारण बंद अँपच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही चार्ज उरलेला असतो. स्टेजवर कोणी चिकटलाच तर त्याला ओढायला धावू नये, आधी मेन बंद करायचा, तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडानं गिटार नाहीतर माइक त्याच्यापासून सुटा करायचा, मग १०८, आणि श्वास नसेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहायची.