ओरेक्किएत्ते मध्ये पातळ आणि कडेला जाड का?

आमच्या ओरेक्किएत्तेचं पाकीट पहिल्यांदा नेलं की बऱ्याच जणांचा फोन येतो: ‘मध्ये शिजलाय, कडेला कच्चा राहिलाय, माल खराब आलाय का?’ माल चांगला आहे. कड जाड का, ते या पास्त्याच्या नावातच आहे.

इटालियनमध्ये ओरेक्क्यो म्हणजे कान. आपण डब्याची डबी करतो, तशी त्यांनी ओरेक्क्योची ओरेक्किएत्ता केली, म्हणजे इवलासा कान. अनेक झाले की ओरेक्किएत्ते. स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून बघा. कड तशीच मांसल हवी.

हा पास्ता दक्षिण इटलीतल्या पुलियाचा. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका आजही दारात टेबल मांडून तो वळतात. डुरम गव्हाचा रवा आणि पाणी, बस्स, अंडं नाही. पिठाची बोटाएवढी जाड वळी करायची, तिचे लहान तुकडे पाडायचे आणि बोथट सुरीने दाबून एकेक तुकडा ओढायचा. तो वळला की अंगठ्याच्या टोकावर उलटा करायचा. म्हणून बारीच्या बोलीत त्याला ‘स्त्राशिनाते’, म्हणजे ओढलेले, असंही म्हणतात.

आम्हीही असाच हाताने ओढतो. साच्यातून काढला तर सगळे कान सारखे येतील, पाकीट स्वस्तही पडेल. पण सुरीने ओढलेल्या पाठीला जो खरखरीतपणा येतो, त्यालाच रस्सा धरून राहतो.

आता नेहमीची चूक. शिजलाय का बघताना लोक मधला पातळ भाग चाखतात. तो लवकर मऊ होतो, आठव्या मिनिटाला गॅस बंद होतो आणि कड कच्ची राहते. कड चावून बघा. १०० ग्रॅमला एक लिटर उकळतं पाणी, त्यात १० ग्रॅम मीठ. आमच्या मालाला १२ ते १४ मिनिटं लागतात.

बारीत चीमे दी रापा नावाची कडसर पालेभाजी त्याच पाण्यात शिजवतात आणि वर लसूण, मिरची, अँचोव्ही मासा नि ऑलिव्ह तेल घालतात. आपल्याकडे कोवळा मुळ्याचा पाला घेऊन बघा, फार छान जमतो.

मागणी देताना ‘वाटीवाला’ म्हणू नका, ‘कानवाला’ म्हणा. शंखासारखा कोंकिल्ये वेगळा, आणि तोही आमच्याकडे मिळतो. वाळवायला दोन दिवस जातात, म्हणून रविवारसाठी हवा असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.