समुद्र बंद होण्याच्या तोंडावर निघालेले जहाज

बायबलमध्ये वादळे बरीच आहेत. याफो बंदरातून तार्शीशकडे पळणाऱ्या योनाला खलाशांनी पाण्यात टाकले आणि दर्या शांत झाला. गालीलच्या सरोवरात येशूने वाऱ्याला दटावले आणि सारे निवांत झाले. 107व्या स्तोत्रातही परमेश्वर लाटा शमवतो आणि तारू बंदराला लावतो. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 27व्या अध्यायातले, प्रेषित पौलाच्या रोमच्या प्रवासातले वादळ मात्र कोणीच शमवत नाही. ते चौदा दिवस चालते, जहाज फुटते, माल बुडतो आणि माणसे तेवढी वाचतात. श्रद्धेवरच्या प्रवचनांत हा अध्याय हमखास येतो, पण त्यातले धान्य, वारे आणि दोरखंड वगळले तर पौलाची आशा कशाची होती तेच उमगत नाही.

काळ इ.स. 59 किंवा 60. यरुशलेमेतल्या दंग्यानंतर पौल दोन वर्षे कैसरियात कैदेत होता. फेस्त हा नवा सुभेदार आला तेव्हा पौलाने रोमन नागरिक म्हणून थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली. मग त्याला इतर कैद्यांबरोबर युल्य नावाच्या शताधिपतीच्या हवाली करून रोमला धाडण्यात आले. प्रवाशांसाठी वेगळी जहाजे तेव्हा नसत. मालाच्या जहाजात जागा मिळेल तशी माणसे चढत. आजच्या तुर्कस्तानातल्या मुर्या बंदरात युल्याला इटलीकडे निघालेले मिसरमधल्या आलेक्सांद्रियाचे एक जहाज मिळाले. त्यात गहू भरलेला होता.

गव्हाचा उल्लेख ‘प्रेषितांची कृत्ये’चा लेखक लूक जाता जाता करतो, पण खरी गोम तिथेच आहे. रोममधल्या सुमारे दहा लाख माणसांची मदार बऱ्याच अंशी मिसरच्या धान्यावर होती. काही वर्षांपूर्वी टंचाईच्या दिवसांत क्लौद्य बादशहाला लोकांनी भर चौकात घेरले होते, शिव्या देत भाकरीचे तुकडे फेकून मारले होते. त्यानंतर हिवाळ्यातही धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे वादळात नुकसान झाले तर ते आपण सोसू, असे त्याने कबूल केले; इतिहासकार सुएतोनियसने तशी नोंद ठेवली आहे. नाखव्यांना उशिरा निघण्याचा मोह का पडत असावा, हे यावरून कळते. एरवी 14 सप्टेंबरनंतर प्रवास जोखमीचा आणि 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंद, असा दंडक वेगेतियस या नंतरच्या रोमन लेखकाने दिला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, त्यातलाच हा प्रकार.

जहाज क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी पोहोचले तेव्हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस उलटून गेला होता. तो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येतो. पुढे जाऊ नका, असे पौलाने बजावले. शताधिपतीने सुकाणूवाल्याचे आणि मालकाचे ऐकले, आणि ते साहजिकच होते. कैद्याला समुद्रातले काय कळणार? पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, म्हणजे या प्रवासाच्या काही वर्षे आधी, पौलाने आपले तारू तीनदा फुटल्याचे आणि एक रात्र-दिवस खोल पाण्यात काढल्याचे सांगितले आहे. देवदूताचा दृष्टांत त्याला पुढे झाला. हा पहिला इशारा मला तरी निव्वळ अनुभवाचा वाटतो.

क्रेतच्या डोंगरांवरून युरकुलोन नावाचा ईशान्येचा वारा कोसळला. हे नाव लूकने कल्पनेतून काढलेले नाही. आजच्या ट्युनिशियातल्या दुग्गा येथे फरसबंदीवर कोरलेल्या वाऱ्यांच्या चक्रात ते सापडते. त्या काळच्या मालवाहू जहाजाला एक मोठे चौकोनी शीड असे. उलट्या वाऱ्यावर ते फारसे चालवता येत नसे. फळ्यांचे सांधे उकलू नयेत म्हणून खलाशांनी जहाजाच्या पोटाखालून दोरखंड आवळले. लिबियाच्या किनाऱ्यावरच्या सुर्ती नावाच्या वाळूच्या बांधांवर आदळण्याची भीती होतीच. दुसऱ्या दिवशी माल टाकायला सुरुवात झाली, तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान गेले. सूर्य-तारे दिसेनात, म्हणजे दिशाही कळेना. इथे लूक सरळ लिहितो की वाचण्याची सगळी आशा सुटली.

अशा वेळी पौल उभा राहिला. आधी त्याने ‘माझे ऐकायला हवे होते’ असे सुनावले (संतालाही मोह आवरला नाही), आणि मग सांगितले की रात्री देवदूत आला होता: जहाज जाईल, जीव एकाचाही जाणार नाही. चौदाव्या रात्री पाण्याची खोली मोजली तर वीस वाव, थोड्या अंतरावर पंधरा. जमीन जवळ होती. मागच्या बाजूने चार नांगर टाकून सगळे पहाटेची वाट पाहू लागले. तेवढ्यात नांगरांचे निमित्त करून खलाशी होडी सोडून पळू लागले. पौल शिपायांना म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. सगळे जगतील असे वचन ज्याच्यापाशी होते, त्यालाच खलाशांवाचून भागणार नाही हे ठाऊक होते. शिपायांनी दोर कापले. पहाटे पौलाने भाकरी मोडून खाल्ली, सर्वांना खायला लावले, आणि त्यानंतर उरलेला गहू समुद्रात गेला. माणसे 276 होती. जहाज माल्टा बेटाच्या किनाऱ्याला फुटले, माणसे सगळी वाचली.

ही सारी गोष्ट रचलेली आहे का, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारलेला आहे. ‘आम्ही’ असे सांगणारा लूक खरोखर जहाजावर होता की ती केवळ लेखनाची धाटणी, यावर एकमत नाही. स्कॉटलंडचा हौशी दर्यावर्दी जेम्स स्मिथ याने माल्टात हिवाळा काढून वारे, खोली आणि अंतर तपासले आणि 1848 मध्ये निष्कर्ष छापले. क्रेतच्या दक्षिणेच्या कौदा बेटापासून माल्टापर्यंत अशा वाऱ्यात भरकटायला सुमारे तेरा दिवस लागतात, असा त्याचा हिशेब. लूकचे दिवस त्याच्याशी जुळतात.

जहाज ‘अद्रिया’ समुद्रात भरकटले या शब्दांमुळे 18व्या शतकात दाल्मातियातल्या (आजच्या क्रोएशियातल्या) म्ल्येत बेटाचाही दावा पुढे आला. पण त्या काळी सिसिली आणि क्रेतमधल्या समुद्रालाही अद्रिया म्हणत. माल्टात तर 10 फेब्रुवारीला या जहाजफुटीचा सण होतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. पौलानंतर काही वर्षांतच योसेफस हा यहुदी इतिहासकार रोमला जात असताना त्याचे जहाज याच अद्रियात बुडाले. त्याच्या जहाजावर सुमारे 600 माणसे होती. रात्रभर पोहून शेवटी दुसऱ्या जहाजाने उचलली ती 80 च्या आसपास. 276 पैकी 276 हा आकडा त्या काळच्या वाचकाला कसा वाटला असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

तीन महिन्यांनी मंडळी माल्टाहून निघाली, तीही आलेक्सांद्रियाच्याच जहाजातून. त्यावर दियस्कुरै या जुळ्या देवांची निशाणी होती. ग्रीक-रोमन खलाशांचे ते राखणदार. लूक ती नोंदवतो आणि शेरा न मारता पुढे जातो. इटलीतल्या पुत्युला बंदरात उतरून पौल रोमच्या वाटेला लागला, तेव्हा रोममधले ख्रिस्ती बंधुजन वाटेवरच्या अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे आले. त्यांना पाहून, लूक लिहितो, पौलाला धीर आला.