ड्रोन रंगाची टाकी घेऊन कारखान्याची चिमणी रंगवतो? खुलासा

निपाणी-चिकोडीकडं साखर कारखान्याचा हंगाम संपला की चिमणीच्या रंगाचा विषय निघतो आणि कुणीतरी ठोकतंच, ‘आता ड्रोन टाकी घेऊन वर जातो, माणूस लागत नाही.’ उसावर फवारणारा ड्रोन बघून झालेला हा समज. त्याची १० लिटरची टाकी चिमणीला कितीशी पुरणार?

मोठ्या कामात पाणी किंवा रंग जमिनीवरच्या पंपातून पाइपनं वर चढतो. ड्रोन नोझल आणि लोंबता पाइप पेलतो. उंची वाढली की भरल्या पाइपचं वजन वाढतं, शिवाय फवाऱ्याचा उलटा धक्का. म्हणून दाब बेताचाच. तेवढ्या दाबाच्या पाण्यानं धूळ, शेवाळ निघतं. जुना गंज नाही. तो आधी खरवडला नाही, तर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. खरवडायला दोरावर टांगलेल्या पाळण्यातला माणूस आलाच.